ऊर्जाबचतीचे घर : बांधताना आणि वापरताना

बहुतांश भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने घर बांधणे हे आयुष्यात एकदाच होणारे काम असते. महानगरांतील गृहसंकुले वगळली, तर गावांत आणि लहानमोठ्या शहरांच्या वाढत्या वस्त्यांत आजही प्लॉट घेणे, नकाशा काढून घेणे, गवंडी ठरवणे, सिमेंट, वाळू आणि सळईची खरेदी करणे व कामावर लक्ष ठेवणे ही सारी जबाबदारी घरमालकच उचलतो. असे घर पुढे पन्नास-साठ वर्षे उभे राहते. मे महिन्यात त्याच्या भिंती किती तापतील, रात्री पंख्याखाली झोप लागेल की नाही आणि दर महिन्याला विजेचे किती युनिट खर्च होतील, याचा निकाल मात्र पायाभरणीनंतरच्या सात-आठ महिन्यांतच लागतो, आणि अनेकदा तो लागल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या विषयावर देशात नियमावली नाही असे नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता विभाग, म्हणजे ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’, स्थापन झाला. व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आली. निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ येण्यास मात्र २०१८ उजाडले. ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील बांधकामांसाठी आहे. दीड-दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधणारा सामान्य माणूस तिच्या कक्षेबाहेर राहतो. त्याला सक्ती नाही, पण त्याच्यापर्यंत मार्गदर्शनही पोहोचत नाही. तरीही या संहितेतील आकडे लहान घराच्या मालकालाही उपयोगी पडण्याजोगे आहेत. ते कोठे लागू पडतात, ते पुढे येईलच.

हवामान आधी, नकाशा नंतर

संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. जोधपूर, अहमदाबाद, सोलापूर पहिल्यात. मुंबई, चेन्नई, कोलकाता दुसऱ्यात. दिल्ली, लखनौ, नागपूर संमिश्र विभागात. बंगळुरू समशीतोष्ण, तर लेह आणि सिमला थंड विभागात येतात. आपले घर कोणत्या विभागात आहे, हे जाणून घेणे ही पहिली पायरी आहे, कारण एका विभागातील उत्तम उपाय दुसऱ्या विभागात निरुपयोगी ठरतो, क्वचित घातकही ठरतो.

जुन्या घरांना हे ठाऊक होते. कोकणातील चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे-मागे पडवी आणि वारा आरपार जाईल अशी दारांची मांडणी ही दमट हवेला आणि धुवाधार पावसाला दिलेली उत्तरे होती. मराठवाडा-सोलापूरकडील माळवदाची घरे याउलट : जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, लहान खिडक्या. दिवसाची उष्णता त्या भिंतीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ उलटलेली असे, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असे. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो तेथेच जाड भिंतीचा हा हिशेब जुळतो. मुंबईत किंवा चेन्नईत रात्रही फारशी निवत नाही. तेथे जाड भिंत दिवसभराची उष्णता साठवून ती झोपेच्या वेळी खोलीत सोडते. ‘जुनी घरे थंड असत’ हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे. कोणते घर, कोणत्या गावचे, हे विचारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

आज मात्र लेहपासून कन्याकुमारीपर्यंत एकच नमुना दिसतो : आरसीसी चौकट, नऊ इंची किंवा सहा इंची भिंत, वर उघडा सपाट स्लॅब आणि सरकत्या काचेच्या खिडक्या.

युरोपातील ऊर्जाबचतीची घरे डोळ्यांपुढे ठेवून भारतात बांधकाम करणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९१ च्या सुमारास उभे राहिलेले ‘पॅसिव्हहाउस’ जगभर गाजले. वर्षभरात प्रति चौरस मीटर १५ किलोवॅट-तासांहून अधिक उष्णता लागू नये, हा त्या पद्धतीचा दंडक आहे आणि त्यासाठी घर जवळजवळ हवाबंद ठेवून यंत्राने हवा खेळवली जाते. ज्या घरात वर्षातील आठ-नऊ महिने खिडक्या उघड्या ठेवून राहायचे आहे, तेथे हा दंडक जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही. त्यातील उष्णतारोधनाचा विचार घ्यावा. हवाबंदपणा वातानुकूलित खोलीपुरता किंवा थंड प्रदेशापुरता ठेवावा.

छत

बैठ्या किंवा एकमजली घरात उन्हाळ्यातील उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा छतातून येतो, कारण भिंतींवर ऊन तिरपे आणि काही तासच पडते, छतावर मात्र ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत असते. उष्णता किती सहज आरपार जाते हे मोजण्यासाठी ‘यू मूल्य’ वापरतात. ते जितके कमी, तितके छत चांगले. संहितेनुसार छताचे यू मूल्य प्रति चौरस मीटर १.२ वॅटपेक्षा अधिक असू नये (आतील व बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना). साध्या १५० मिलिमीटर जाडीच्या उघड्या स्लॅबचे मूल्य ३ च्या आसपास भरते. आपल्याकडील बहुतेक घरे छताच्या कसोटीवर अडीच पटीने नापास होतात, असा याचा सरळ अर्थ.

उपाय मात्र अवघड नाही. काँक्रीटची उष्णतावाहकता सुमारे १.६ आहे, तर एक्सट्रुडेड पॉलिस्टायरिनच्या किंवा पॉलियुरेथेनच्या फोमची ०.०३ च्या आसपास. त्यामुळे स्लॅबवर अशा फोमचा २०-२५ मिलिमीटरचा थर दिला तरी संहितेची मर्यादा गाठता येते. ५० मिलिमीटरचा थर दिल्यास मूल्य ०.५ च्या जवळ येते. संहितेची मर्यादा केवळ काँक्रीटची जाडी वाढवून गाठायची म्हटले, तर जवळपास एक मीटर जाडीचा स्लॅब घालावा लागेल! ‘स्लॅब जाड टाका, घर थंड राहील’ हा बांधकामावर हमखास मिळणारा सल्ला या हिशेबापुढे टिकत नाही.

थर कोठे द्यावा, याला मात्र फार महत्त्व आहे. तो स्लॅबच्या वरच्या बाजूस असावा, म्हणजे काँक्रीट तापतच नाही. खालून फोमचे किंवा जिप्समचे छत लावल्यास वरचा स्लॅब दिवसभर तापतो, आकुंचन-प्रसरणाने त्याला बारीक तडे जातात आणि पावसाळ्यात गळती सुरू होते. वॉटरप्रूफिंगचा थर आधी, त्यावर फोम, त्यावर संरक्षक कोबा आणि सर्वांत वर पांढरी फरशी किंवा चायना मोझॅक, असा क्रम ठेवल्यास वॉटरप्रूफिंगही उन्हापासून वाचते. महाराष्ट्रात रूढ असलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा पाण्याला अडवतो आणि उष्णतेला थोडाफार विरोधही करतो. पण तो उष्णतारोधक थराची जागा घेऊ शकत नाही. शिवाय त्याचे वजन मोठे असते आणि ते स्लॅबच्या आराखड्यात आधीच धरावे लागते.

ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पांढरा रंग. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले तरी स्लॅबचा पृष्ठभाग जाणवण्याइतका निवतो. अहमदाबादच्या उष्मा कृती आराखड्यात पुढे अशा ‘शीत छतां’चा समावेश झाला, तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. अडचण टिकण्याची आहे. साधा चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, तर परावर्तक रंगावर धूळ बसली की त्याचा गुण घटतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारीच्या अखेरीस गच्ची धुण्याचे वार्षिक काम ठरवून घेतले तरच हा खर्च सार्थकी लागतो.

भिंती आणि लॉरी बेकर यांचा वारसा

भारतात कमी खर्चाचे आणि कमी ऊर्जेचे घर म्हटले की लॉरी बेकर यांचे नाव टाळता येत नाही. १९१७ मध्ये बर्मिंगहॅम येथे जन्मलेले हे वास्तुरचनाकार १९४० च्या दशकात मायदेशी परतण्यासाठी मुंबईत जहाजाची वाट पाहत असताना महात्मा गांधींना भेटले आणि पुढे कायमचे भारतात आले. पिठोरागडच्या पहाडांत अनेक वर्षे काढल्यानंतर ते केरळमध्ये स्थिरावले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. आदर्श घराचे साहित्य जवळच्या पाच मैलांतून यावे, हा गांधींचा विचार ते पुन्हा पुन्हा सांगत. तिरुवनंतपुरमच्या नालंचिरा भागातील खडकाळ टेकडीवरचे त्यांचे स्वतःचे घर, ‘द हॅम्लेट’, एका लहानशा खोलीपासून सुरू होऊन वर्षानुवर्षे वाढत गेले. खडक फोडून जमीन सपाट करण्याऐवजी खडकाच्या कलाने खोल्या बसवल्या गेल्या आणि जुन्या, मोडीत निघालेल्या साहित्याला त्यात जागा मिळाली.

बेकर यांनी रूढ केलेली ‘रॅट-ट्रॅप बाँड’ ही वीटकामाची पद्धत आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवतात. भिंत नऊ इंचांचीच होते, पण तिच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे एक चतुर्थांशाने कमी लागतात, मसालाही वाचतो आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता आत येण्यास अडथळा होतो. विटा नीटस असतील तर बाहेरचा गिलावा टाळता येतो.

कागदावर हे सारे सोपे दिसते. प्रत्यक्षात केरळबाहेर या पद्धतीचे गवंडी मिळणे कठीण असते. वाकड्यातिकड्या, कमी भाजलेल्या विटांनी हे काम होत नाही. जोत्यावरचा, खिडकीच्या तळाचा आणि लिंटेलखालचा थर भरीवच ठेवावा लागतो. विजेच्या नळ्यांची जागा आधीच ठरवावी लागते, कारण भिंत झाल्यावर छिन्नीने खाच पाडायला गेले की उभी वीट फुटते. ही पद्धत वापरू इच्छिणाऱ्याने प्रथम कुंपणाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या खोलीच्या भिंतीवर गवंड्याला हात बसवू द्यावा, मग घराला हात घालावा. १९८५ मध्ये स्थापन झालेली ‘कॉस्टफोर्ड’ ही केरळमधील संस्था या पद्धतींचे काम आणि प्रशिक्षण करत आली आहे.

‘फिलर स्लॅब’ ही त्यांचीच दुसरी देणगी. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ताण सोसण्याचे काम करत नाही, ते काम सळई करते. म्हणून त्या जागी मंगलोरी कौलांच्या जोड्या बसवून काँक्रीट वाचवतात. कौलांमधील हवेने छतही थोडे निवते. सळयांची मांडणी बदलत असल्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय हे काम कदापि करू नये. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडण्याजोगी ही गोष्ट नाही.

आज बाजारात सर्वाधिक बोलबाला आहे तो एएसी ब्लॉकचा. भाजलेल्या भरीव विटेची उष्णतावाहकता १ च्या आसपास धरतात, तर एएसी ब्लॉकची ०.१८ च्या आसपास. नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू मूल्य २ ते २.२ भरते, २०० मिलिमीटर एएसी भिंतीचे ०.८ च्या जवळ. उष्णतेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, आणि वजन कमी असल्यामुळे सांगाड्यावरील भारही घटतो. तक्रारी येतात त्या बहुतांशी कारागिरीच्या : ब्लॉक आणि काँक्रीट खांब यांच्या सांध्यावर जाळी न लावल्यामुळे गिलाव्याला पडणाऱ्या उभ्या भेगा, पावसात उघड्यावर ठेवलेल्या ब्लॉकनी शोषलेले पाणी, आणि जड कपाट किंवा गिझर टांगताना निसटणारे खिळे. त्यासाठी वेगळे अँकर मिळतात. ते आधीच आणून ठेवावेत.

मातीच्या दाबीव विटा हा तिसरा पर्याय. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिल येथे १९८९ पासून कार्यरत असलेल्या अर्थ इन्स्टिट्यूटने मातीत साधारण पाच टक्के सिमेंट मिसळून यंत्रावर दाबलेल्या, न भाजलेल्या विटांचे तंत्र देश-विदेशांत पोहोचवले. भट्टी नसल्यामुळे इंधन जळत नाही. मात्र माती योग्य हवी. विदर्भ-मराठवाड्यातील काळी कसदार जमीन पिकाला सोन्यासारखी असली तरी विटेला चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. तेथे मुरूम किंवा तांबडी माती दुरून आणावी लागली, तर वाहतुकीच्या डिझेलमध्ये बचतीचा बराचसा भाग जिरून जातो.

थंड प्रदेशाचा उलटा हिशेब

लडाखमध्ये प्रश्नच उलटा आहे : ऊन अडवायचे नाही, आत घ्यायचे आहे. लेह साधारण ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२-३३ अंश वर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत खोलवर शिरतो. जूनमध्ये तो ७९ अंशांवर असतो आणि लहानशा छज्जानेही अडतो. लेहजवळच्या फे गावातील ‘सेकमोल’ या संस्थेचा परिसर याच तत्त्वावर उभा आहे. दाबलेल्या मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे काचा, छतात उष्णतारोधक थर आणि हिवाळ्यात दक्षिण बाजूस लावला जाणारा, उन्हाळ्यात काढून ठेवला जाणारा प्लॅस्टिकचा हरितगृह-पडदा यांच्या बळावर तेथे कडाक्याच्या थंडीतही इंधनावाचून राहण्याजोगी ऊब टिकते. या संस्थेच्या मुख्य इमारतीला २०१६ मध्ये मातीच्या वास्तुकलेचा आंतरराष्ट्रीय ‘टेरा पुरस्कार’ मिळाला.

अशा घरात राहणाऱ्यांना मात्र रोज थोडे काम करावे लागते. सूर्य मावळताच काचांवरचे जाड पडदे ओढणे आणि सकाळी ऊन येताच उघडणे, हे ज्या घरात चुकते तेथे दिवसभर जमवलेली ऊब रात्रीच्या पहिल्या प्रहरातच काचेतून निघून जाते. घर कितीही शहाणपणाने बांधले तरी ते स्वयंचलित नसते. घर ताब्यात देताना ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो.

खिडकी कोणत्या भिंतीत?

दक्षिणेची आणि पश्चिमेची खिडकी सारखी नाही, हे एका साध्या गणिताने दिसते. नागपूरच्या अक्षांशावर, १२० सेंटिमीटर उंचीच्या दक्षिणाभिमुख खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा आहे असे धरू. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात सूर्य सुमारे ४५ अंशांवर उतरतो. छज्जाची सावली वरच्या ६० सेंटिमीटरपुरती पडते आणि खालच्या अर्ध्या भागातून हवेहवेसे ऊन आत येते. तोच छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास जेमतेम ४० सेंटिमीटर झाकतो आणि पाचच्या सुमारास २० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे जेव्हा गरज सर्वाधिक तेव्हाच तो हात टेकतो. पश्चिमेला आडवा छज्जा नव्हे, तर उभी आडोशाची भिंत, पडवी, बाहेरून सोडलेली बांबूची चिक किंवा दाट झाड हवे. त्याहून चांगले म्हणजे त्या बाजूस जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवणे. पडदा आतून लावला तर प्रकाश अडतो, पण काचेतून आत शिरलेली उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेरच थोपवले पाहिजे.

वारा खेळावा यासाठी संहितेने खिडक्या-दारांच्या उघडणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किती टक्के असावे, हे विभागवार सांगितले आहे : उष्ण-दमट प्रदेशात १६.६६ टक्के, संमिश्र व समशीतोष्ण प्रदेशांत १२.५, उष्ण-कोरड्यात १० आणि थंडीत ८.३३ टक्के. यात ‘उघडणारा’ हा शब्द महत्त्वाचा. दोन पाटांची सरकती ॲल्युमिनियम खिडकी कितीही मोठी घेतली तरी ती अर्धीच उघडते. त्यावर डासांची जाळी लावली की वारा आणखी घटतो. मुंबई-गोव्यासारख्या हवेत बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी हीच खरी. दिसायला जुनाट वाटली तरी. आणि एकाच भिंतीत दोन खिडक्या घेण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत एकेक घेतलेली बरी, कारण वाऱ्याला आत येण्याइतकीच बाहेर जाण्याचीही वाट लागते. जुन्या घरांतील दारावरचे झरोके एसीच्या काळात बुजवले गेले. रात्री दार लावून झोपणाऱ्यांना त्यांची उणीव आता जाणवते.

राहायला आल्यावर

घराचे कवच नीट झाले की उपकरणांची निवड सोपी होते. हा क्रम उलटा करण्याकडेच सर्वसाधारण कल असतो : आधी तापणारे घर, मग मोठा एसी, मग त्याचे बिल भागवण्यासाठी सौर पॅनेल.

पंख्यांचा विचार सहसा शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. दिवसाला १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे सुमारे २०० युनिट वाचतात. पाच पंख्यांच्या घरात वर्षाला हजार. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाल्यामुळे दुकानात तुलना करणेही सोपे झाले आहे. एसीबाबत १ जानेवारी २०२० पासून कंपन्यांनी मूळ तापमान २४ अंशांवर ठेवून यंत्रे विकणे बंधनकारक आहे. तापमान एका अंशाने वाढवल्यास साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता विभाग सांगतो. २६-२७ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा, हा मेळ बहुतेकांना मानवतो. कोरड्या हवेतील कूलर एसीच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतो, पण त्याच्यामागे खिडकी उघडी असावी लागते. आणि किनारपट्टीवर तो केवळ दमटपणा वाढवतो.

पाणी तापवण्याचा खर्च नजरेआड राहतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे ३ युनिट लागतात, आणि चौघांच्या कुटुंबाला हिवाळ्यात हे रोजचे असते. सौर उष्णजल संयंत्र हे काम उत्तम करते. मात्र टाकीपासून न्हाणीघर दूर असेल तर नळीत साचलेले गार पाणी रोज बादलीभर वाया जाते. न्हाणीघरे एकाखाली एक, टाकीच्या जवळ आणि नळीवर उष्णतारोधक वेष्टण, एवढे नकाशातच ठरले पाहिजे. बोअरचे पाणी जड असल्यास नळ्यांत क्षार साचतात. तेथे उष्णता-विनिमयकाची सोय असलेले यंत्र घ्यावे. याशिवाय सेट-टॉप बॉक्ससारखे १० वॅटचे एखादे उपकरण रात्रंदिवस चालू राहिले, तर वर्षाला ८७-८८ युनिट खाते, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

छतावरील सौर वीज

‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली. ७५,०२१ कोटी रुपयांच्या या योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये असे अनुदान मिळते. तीन किलोवॅट व त्यापुढे ते ७८,००० रुपयांवर थांबते. एक किलोवॅटच्या संचातून दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते आणि त्यासाठी साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते.

‘सावलीविरहित’ ही अट बांधकामाच्या वेळीच पाळता येते. गच्चीवरील जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी दक्षिणेला आली, तर तिची सावली हिवाळ्यात पॅनेलवर पडते, आणि एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावलीही साखळीतील इतरांचे उत्पादन घटवू शकते. हे दोन्ही उत्तर बाजूस ठेवण्यास जास्तीचा खर्च येत नाही. पॅनेलच्या सांगाड्याचे पाय वॉटरप्रूफिंग फोडून नंतर रोवण्यापेक्षा स्लॅबच्या वेळीच काँक्रीटचे ठोकळे घालून ठेवावेत, आणि गच्चीपासून मीटरपर्यंत रिकामी नळीही. जून २०२० मध्ये रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने छपरे उडवून दिली होती; किनारपट्टीवर सांगाड्याचे गणित वाऱ्याच्या वेगानुसार करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नव्या ग्राहकांना हमखास चकवणारी बाब अशी, की जाळ्याला जोडलेला साधा सौर संच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. भर दुपारी पॅनेलवर ऊन असूनही घरात पंखा फिरत नाही. लाइनवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी तशी रचना सक्तीची आहे. भारनियमनाच्या भागात बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी साधारणतः २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर मात्र मध्येच एकदा बदलावा लागेल असे धरून चालावे.

२५ चौरस मीटरचे घर

हा सारा विचार दोन-तीन शयनगृहांच्या घरापुरता नाही. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत लाभार्थी स्वतःच घर बांधतो. सपाट प्रदेशात १.२० लाख आणि डोंगराळ भागात १.३० लाख रुपयांचे साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरचे क्षेत्र, असे तिचे स्वरूप २०१६ पासून आहे. येथे फोमचा थर किंवा एएसी ब्लॉक बहुधा परवडत नाही. त्याच वेळी पत्र्याखाली किंवा उघड्या स्लॅबखाली उन्हाळ्याची झळ सर्वाधिक बसते ती याच घरांत, जेथे लहान मुले आणि म्हातारी माणसे दुपारी आत असतात आणि एसीचा प्रश्नच उद्भवत नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘पहल’ या नावाने राज्याराज्यांतील हवामान, साहित्य आणि आपत्तींचा विचार केलेले घरांचे नमुने प्रसिद्ध केले आहेत. ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत घरकुलाचा नकाशा ठरवताना ते मागून पाहता येतात.

जेथे पैसा नाही तेथे करता येण्याजोगे थोडके आहे, पण ते फुकटाच्या जवळ जाणारे आहे. घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरेल असे जोते आखणे, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे तोंड करतात. समोरासमोर दोन खिडक्या. पत्रा असेल तर त्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा पाचटाचे छत, मध्ये हवेसाठी वीतभर मोकळी जागा आणि चुलीपासून त्याला पुरेसे अंतर. गच्चीला दर उन्हाळ्याआधी चुना. आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून चार मेढींवर घातलेली पडवी, जिच्यावर दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल पावसाळ्यापर्यंत चढवता येतो; वेल टिकवायचा तर न्हाणीचे सांडपाणी त्याच बाजूस काढावे.